कृपया पोच द्यावी

आमचे म्हात्रेदादा ईमेल पाठवतात आणि मग तो पोचला का, हे बघायला स्वतः चालत जातात.

परवा माझ्या टेबलाशी येऊन उभे. "मेल टाकलाय तुला. आला काय गो?" मी म्हटलं, आला. "उघडलास? अटॅचमेंट उघडते?" उघडत होती. "मग तसा मेल टाक." मी 'मिळाला' असा मेल टाकला. तो बघायला ते आपल्या जागेवर गेले, आणि माझा 'मिळाला' मिळाला, हे सांगायला परत आले.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी अकाउंट्सला आहे, दादा डिस्पॅचला. दोघंही पेणचे, त्यामुळे कंपनीच्या बसमध्येही ते माझ्याच वाट्याला येतात. ट्रक गेटबाहेर पडला म्हणजे माल गेला, हे दादांना मान्य नाही. समोरच्याने चलानावर 'माल मिळाला' लिहून सही-शिक्का मारायचा, ड्रायव्हरने ती कॉपी परत आणून द्यायची, तेव्हा कुठे माल गेला. तोवर तो "हवेत हाय". माल फुटका निघाला तर समोरचा त्याच कॉपीवर शेरा मारतो. त्याला रिमार्क म्हणतात. त्या शब्दानेच दादांचं ब्लडप्रेशर वाढतं.

माणसांनाही तोच कायदा. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर घरी जाऊन मी 'पोचले' असा मेसेज टाकायचा. नाही टाकला की फोन येतो. "पोचलीस काय गो?" माझं घर त्यांच्या गॅलरीतून दिसतं. एकदा वैतागून म्हटलं, "दादा, लाइट लागलेली दिसते ना?" तर म्हणाले, "लाइट काय, कोण पण लावील." ते स्वतः एकटेच राहतात, त्यामुळे त्यांनी पोचल्याचं कळवावं असं घरी कुणी नाही.

परत आलेल्या मेलवर मात्र त्यांचा गाढ विश्वास. "पोचला म्हणणारा खोटं बोलंल. परत आलेला कशाला खोटं बोलंल?" म्हणून बाउन्स झालेल्या प्रत्येक मेलची प्रिंट निघते आणि 'रिटर्न माल' असं लिहिलेल्या फायलीत जाते. त्यातले बहुतेक मेल एकाच माणसाकडून परत आलेले. हसनभाईंकडून.

हसनभाई रोह्याचे. पूर्वी दादांच्या शेजारीच बसायचे, डबा दोघांत एक. एकदा कसला तरी तातडीचा मेल "पाठवलाय" असं ते म्हणाले, आणि दादा साहेबांसमोर म्हणाले, "आलाच नाय. खोटं बोलतोस." हसनभाईंनी थोड्याच दिवसांत कुवेतची नोकरी धरली आणि दादांना न भेटता निघून गेले. पुढे तो मेल दादांच्याच स्पॅममध्ये सापडला. हे पोचेचं खूळ तेव्हापासूनचं. अधूनमधून दादा माफीचा मेल पाठवत आणि तो परत येई. मेलबॉक्स भरलेला आहे! "गोडाऊन फुल हाय," दादा म्हणत. "खाली झालं की घेतील."

गेल्या महिन्यात मात्र मेल परत आलाच नाही. त्याऐवजी इंग्रजीत एक निरोप आला. तो दादांनी माझ्याकडून मराठीत करून घेतला. मेल पोचवण्याचं काम पूर्ण झालं आहे, पण पोचल्याची सूचना समोरच्या सर्व्हरने पाठवलेली नाही.

"म्हंजे पोचला?"

"पोचला."

"कोण म्हणतो?"

"आपला सर्व्हर."

"त्याला कुणी सांगितलं?"

"समोरच्याने."

"समोरच्यानं तर काय सांगितलंच नाय म्हणतोय!"

मी पुन्हा वाचलं. आणखी एकदा वाचल्यावर मलाही काही कळेना. आयटीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "पोचला असावा." त्या 'असावा'ने दादांना जेवण जाईना. मीसुद्धा हेड ऑफिसला पाठवलेली पगाराची फाइल मिळाली का, हे गुपचूप फोन करून विचारून घेतलं.

अशात हसनभाई सुट्टीवर आल्याचं मला कळलं. मासळी बाजारात दिसले होते. मी दादांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, मग पडला, आणि ते कॉम्प्युटरकडे वळले. पुन्हा मेल टाकायला! माझं डोकंच फिरलं.

"दादा, त्यांचं घर एसटी स्टँडच्या मागे आहे! चालत जा ना!"

"नको गो. भेटलो तर तोंडावर मारील."

"काय मारतील?"

"रिमार्क."

मला त्यांची इतकी कणव आली की मी त्यांच्यावर ओरडलेच. जेवणाच्या सुट्टीत रिक्षात घालून घेऊन गेले.

हसनभाई दारातच होते. त्यांनी दादांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाळलास रे परशा," ते म्हणाले.

"मेल मिळाला?" दादा म्हणाले.

"कसला मेल? मी उघडीतच नाय. नुसत्या ऑफरी येतात. भरला व्हता, लेकीनं मागल्या महिन्यात सगळं उडवलं."

म्हणजे पोचला होता, आणि मिळाला नव्हता. सर्व्हर खोटं बोलला नव्हता. दादांनी खिशातून घडी काढली. "म्हणून हार्ड कॉपी आणलीय."

हसनभाईंनी उभ्यानेच वाचलं. 'हसन, तुझा मेल त्या दिवशी आला होता. स्पॅममध्ये होता. तू खोटं बोलला नव्हतास, माझं चुकलं. कृपया पोच द्यावी.' त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, खाली काहीतरी लिहिलं आणि कागद परत दिला. दादांनी तो न बघताच खिशात घातला. मग चहा झाला.

संध्याकाळी बसमध्ये कागद माझ्या हातात आला. "तू वाच. रिमार्क हाय काय?"

मी वाचलं. 'माल मिळाला. गाडी लेट. हसन.'

दादांनी विचार केला. "लेट हा रिमार्क नाय," ते म्हणाले. "लेट तर होतीच."

नागोठणं मागे पडलं आणि त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर 'हसन डिस्पॅच' अशी अक्षरं उमटली. म्हणजे हा नंबर इतकी वर्षं नावासकट त्यांच्या खिशात होता. पलीकडचा मोठा आवाज मलाही ऐकू आला.

"पोचलास काय रे घरी?"

दादांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजून नाय," ते कसेबसे म्हणाले. "वडखळ यायचंय. पोचलो की सांगतो."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"इचारतोय, पोचलास काय," ते म्हणाले, मी जसं काही ऐकलंच नव्हतं.