भारीतला कीबोर्ड

शनिवारी संध्याकाळी वाल्मिक सोनकांबळेंच्या घरात पलंगावर दोन कीबोर्ड शेजारी शेजारी मांडले होते, आणि पलंगाभोवती मंडळी मुलगी बघायला आल्यासारखी गंभीर चेहऱ्याने बसली होती.

वाल्मिक सरकारी कचेरीत टपाल शाखेतला कारकून. पण भाईंदर पूर्वेला त्यांची ओळख वेगळी होती. गेली अठरा वर्षं ते भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवत होते. यंदा पार्टीतल्या दोघा तरुणांनी, गायक धम्मपालने आणि ढोलकीवाल्या प्रितमने, हट्ट धरला होता की एप्रिलच्या जयंतीला पेटी नको, कीबोर्ड पाहिजे. १९९४ साल उजाडलं तरी आपण पेटीवरच, असं धम्मपाल चारचौघांत बोलला होता. ते वाल्मिकना लागलं होतं.

स्वस्तातला कीबोर्ड केबिन रोडवरच्या हंसाबेनच्या दुकानातून आला होता. ‘वापरून बघो, नही जमा तो खोक्यासकट परत लाव,’ असं तिने सांगितलं होतं. त्याच्यावर लाल-पिवळी बटणं होती, दिवे होते, आणि सोनेरी अक्षरांत ‘१०० आवाज’ असं इंग्रजीत छापलं होतं. भारीतला कीबोर्ड रॉबर्टचा. रॉबर्ट हा वाल्मिकचा कचेरीतला सोबती, पश्चिमेला उत्तनकडच्या डोंगरीचा राहणारा, चर्चमध्ये वाजवणारा. त्याचा मेहुणा नेल्सन आखातात होता, त्याने तो आणला होता. काळा, मुकाट, बटणं मोजकी. कोपऱ्यातल्या पोळपाटाइतकाच दिमाख.

“टच बघ त्याचा,” देताना रॉबर्ट म्हणाला होता. “हळू दाब, हळू वाजंल. जोरान दाब, जोरान वाजंल. स्वस्तात ही गोष्ट न्हाय. पण उद्या सकाळी माझ्या घरी पोचव. चारला मिशेलचं लगीन हाय.” मिशेल म्हणजे रॉबर्टची पुतणी.

वाल्मिकनी आधी स्वस्तातला वाजवला. चाल सरळ आली. मग भारीतला. आणि तिथे घोटाळा झाला. पेटीचा आवाज भात्यावर चालतो. बोट हलकं पडलं काय, जड पडलं काय, पेटी तक्रार करत नाही. हा कीबोर्ड मात्र प्रत्येक बोटाचा हिशेब मागत होता. एक सूर ओरडायचा, पुढचे दोन गायब.

“काका, याचा आवाज एकदम रेकॉर्डिंगसारखा येतोय!” धम्मपाल म्हणाला.

“येतोय कुठे? अर्धा येतच नाहीये,” वाल्मिक म्हणाले.

“ते तुमच्या बोटांमुळे. सवय झाली की होईल.”

“आणि हा बघा, यात सतार आहे, बासरी आहे,” वाल्मिकनी स्वस्तातल्याची बाजू घेतली आणि एक बटण दाबलं. कीबोर्ड भुंकला. प्रितम हसून पलंगावर आडवा झाला.

“जयंतीला कुत्रा कशाला लागतोय, काका?”

निवाडा झाला. नेल्सनला सांगून भारीतलाच मागवायचा. वाल्मिकनी मान हलवली. पण चहा त्यांना गोड लागला नाही. भारीतला आला की तो वाजवायला बोटंही भारीतली शोधतील, हे त्यांना दिसत होतं.

मंडळी गेल्यावर वैजयंताबाईंनी पसारा आवरायला घेतला. नवरा जिन्यात प्रितमशी बोलत उभा होता, त्याला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. एवढी बटणं, एवढे दिवे, सोनेरी अक्षरं असलेला तो भारीतला, हे कुणीही सांगेल. त्यांनी तो फडक्याने पुसून रॉबर्टच्या रेक्झिनच्या बॅगेत निजवला आणि चेन लावली. दुसरा, तो बापुडा काळा, खोक्यात घालून वर सुतळी बांधली.

रविवारी सकाळी वाल्मिक बॅग घेऊन डोंगरीला गेले. बसमध्ये त्यांना वाटलं, काल खांदा भरून आला होता, आज ओझं जाणवत नाहीये. मन मोकळं झालं की असं होत असावं. रॉबर्ट चर्चच्या सजावटीत अडकला होता. त्याच्या बायकोने, आयडाने, बॅग घेतली.

“वाल्मिकभाऊ, चारला यायचं हां. वैजयंताताईला पण घेऊन या.”

घरी येऊन ते जेवायला बसले तेव्हा दीड वाजला होता.

“ते खोकं दिसत नाही गं?”

“परत दिलं की हंसाबेनला. भाजीला चाललेच होते,” वैजयंताबाई वाढता वाढता म्हणाल्या. “पण काय जड हो मेलं! स्वस्तातलं म्हणतात आणि दगड भरतात. हात अवघडला माझा.”

वाल्मिकचा घास हातातच राहिला.

“जड होतं?”

“तर काय!”

“दिवे होते ना त्याला?”

“दिवेवाला मी त्या बॅगेत घातला, नीट पुसून. तुमच्या मित्राचा तो. मला काय कळत नाही होय?”

वाल्मिक हात धुवायला उठले ते चपला घालून बाहेरच पडले.

हंसाबेन गल्ल्यामागे बसून दाबेली खात होती. “अरे वाल्मिकभाई, वो तो बिक गया! बारा बजे एक मॅडम ले के गयी. खोका ठेवला नाही की गेला. एक ही पीस था, नया माल शाम को आयेगा. तुम्हारा हाथ शुकनवाला छे!”

“बेन, चुकीचा होता तो! दुसऱ्याचा होता!”

“मेरा खोका, मेरी दोरी… दुसरे का कैसे?”

सगळं ऐकून तिने दाबेली बाजूला ठेवली आणि बिलबुकातून पत्ता काढून दिला. रश्मी कुणीतरी, नया नगर, चौथा मजला.

रिक्षा करून वाल्मिक तिथे पोचले. चार मजले चढताना त्यांनी बोलायची वाक्यं जुळवली. अशी वस्तू हाताला लागल्यावर कोण सोडतं? माणूस हात जोडेल, पाय धरेल, पण समोरचा म्हणेल बिल आहे माझ्याकडे. दार उघडलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत रश्मीताई कडाडल्या.

“दुकानातून आलात ना? बरं झालं आलात! कुत्रा कुठाय?”

“अं?”

“काल सकाळी मी दुकानात स्वतः बघून गेले. कुत्रा भुंकतो, दिवे लागतात. वाढदिवस आहे हिचा. आणि खोक्यातून हे काय निघालं? ना दिवा, ना कुत्रा. असा कसा डुप्लिकेट माल देता हो तुम्ही?”

मागे पाच वर्षांची निशा फुग्यांच्या ढिगात बसून हुंदके देत होती. काळा कीबोर्ड दाराजवळ, चपलांच्या रांगेत ठेवला होता.

“ताई, चूक झाली,” वाल्मिक मनापासून म्हणाले. “हा घेऊन जातो, तो आणून देतो.”

“सातला केक कापायचा आहे. त्याच्या आत आणा. नाहीतर मी दुकानात येऊन बसेन.”

रिक्षाने भाईंदर, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून उत्तनची बस. वाल्मिक डोंगरीला उतरले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. काखेत खोक्यात घातलेला आखातातला कीबोर्ड आणि अंगावर घरातला सदरा, अशा थाटात ते लग्नाला पोचले.

चर्चमध्ये सूर घुमत होते. वाल्मिक दाराशीच थबकले. पायरीवर एक तांबडं कुत्रं झोपलं होतं, ते ओलांडून त्यांनी आत डोकावलं. पुढे उजव्या बाजूला कोट घातलेला रॉबर्ट ताठ बसला होता आणि त्याच्यासमोर लाल-पिवळे दिवे लुकलुकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पण कानामागून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती, ती मागच्या बाकावरूनही दिसली असती.

गाणं संपलं. मिशेल आणि तिचा नवरा फादरसमोर उभे राहिले. शांतता पसरली. आता हलक्या ऑर्गनचे सूर यायचे होते. रॉबर्टच्या कीबोर्डवर हलका ऑर्गन छत्तीस नंबरला होता. बोटांनी सवयीने छत्तीस दाबलं आणि सूर धरला.

“भौ!”

फादरनी पुस्तकातून मान वर केली. रॉबर्टने घाईघाईने तीच पट्टी पुन्हा दाबून पाहिली.

“भौ! भौ!”

पायरीवरचं कुत्रं खडबडून उठलं आणि चर्चच्या आत तोंड करून जीव तोडून उत्तर देऊ लागलं.

“कुणीतरी त्या कुत्र्याला बाहेर काढा,” फादर शांतपणे म्हणाले.

मागच्या बाकावरचा एक म्हातारा छत्री घेऊन धावला. बिचारं कुत्रं न केलेल्या गुन्ह्यासाठी गेटापर्यंत हाकललं गेलं. रॉबर्टने मधल्या वेळात ऑर्गनचा नंबर शोधला आणि लग्न लागलं.

बाहेर अभिनंदनांची गर्दी उडाली तेव्हा वाल्मिक भिंतीला टेकून उभे होते. रॉबर्ट बॅग घेऊन सरळ त्यांच्याकडे आला.

“रॉबर्ट, माझं चुकलं रे. माफ कर. घरात अदलाबदल—”

“बॅग उघडली तवाच कळलं मला,” रॉबर्ट हळूच म्हणाला. “पण नवरी दारात आलेली. उठू कसा?”

तेवढ्यात फादर आले आणि त्यांनी रॉबर्टचे दोन्ही हात धरले. “रॉबर्ट, आज काय वाजवलंस! दोन वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. मी कितीदा म्हणायचो, जरा मोठ्याने वाजव. आज माझं ऐकलंस.”

फादर गेले. रॉबर्टने वाल्मिकना भिंतीआड ओढलं.

“त्या भारीतल्याला,” तो म्हणाला, “माझी बोटं पुरत न्हायत. लगीन असो, मयत असो, मी घाबरून हळूच दाबतो. आन तो तसाच वाजतो. घरी आयडाबी म्हणते, काय ऐकू येत न्हाय. पर नेल्सननं येवढ्या लांबून आणला, कोणाला सांगू?”

वाल्मिक हसले नाहीत. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

“माझंही तेच रे. काल सगळ्यांसमोर अर्धे सूर गिळले मी. आता धम्मपालला सरळ सांगतो. अठरा वर्षं पेटीत गेली, मला स्वस्तातलाच झेपतो. ऐकेल तो. नाही ऐकला तर पेटी आहेच.”

“आन कुत्रा?”

“त्या बटणावर कागद चिकटवू.”

दोघांनी तिथेच उभं राहून कीबोर्ड बदलले, आणि बदलता बदलता वाल्मिकनी हंसाबेनचं दुकान, रश्मीताई, निशाचा केक, सगळं सांगून टाकलं. दिवेवाला खोक्यात गेला, काळा बॅगेत.

“याचं काय करणार तू?” वाल्मिकनी बॅगेकडे बोट दाखवलं.

“हॉलात ठेवीन. नेल्सन येईल तवा दाखवाया.”

साडेपाच झाले होते आणि नया नगरात एक मुलगी फुग्यांमध्ये रडत बसली होती. वाल्मिकनी खोकं उचललं, पण रॉबर्टने ते त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि लग्नाच्या कोटासकट बसथांब्याकडे चालू लागला.

“अरे, तू कुठे? आत जेवणं सुरू होतील. पुतणीचं लग्न आहे.”

“येतो तासा-दोन तासात,” रॉबर्ट मागे न बघता म्हणाला. “ती हंसाबेन रविवारी किती वाजता दुकान बंद करते?”