दादा डाव सोडत नाहीत

पोकरमध्ये मला हरवणारा अजून जन्माला यायचाय! गुपित सांगू? हातात पडतात दोन पत्ते. भंगार असले की टाकायचे. एक्का-राजा नाहीतर मोठी जोडी आली, तरच खेळायचं. तोवर गप्प, भिंतीवरच्या पालीसारखं!

आम्ही हॉस्पिटलच्या तळघरात कपडे धुतो. रविवारची सुट्टी एकालाच, आणि ती ठरते जेवणाच्या सुट्टीत, पत्त्यांवर. पैशांऐवजी तुटकी बटणं डावावर लावायची. भोंगा वाजला की ज्याच्यापुढे ढीग मोठा, त्याला सुट्टी. या खेपेला मला हवीच होती! लेक बाळंत झालेली, बायकोने बजावलेलं, "रविवारी नातीचं तोंड बघायला आला नाहीत, तर माझंही बघू नका!"

खेळायला मी, घडीवाली मावशी, गाडीवाला टकल्या. आणि बॉयलरवाले दादा. दादांना जाऊन वर्ष झालं, पण त्यांच्या खुर्चीपुढे पत्ते वाटायची आमची रीत. हयातीत त्यांनी एकही डाव सोडला नाही, म्हणून त्यांची बटणं मावशी सरकवते. पत्ते शेवटीच उघडायचे.

मी टाकत गेलो. दादांचा ढीग वाढत गेला! तीनदा त्यांचे पत्ते उघडले. तिन्ही वेळा तेच, सत्ती आणि दुर्री. सगळ्यात भिकार पत्ते, आणि तिन्ही वेळा जिंकले!

"नीट पिस की रे!" टकल्या कुजबुजला.

"मीच पिसले, तूच कापलेस!"

बॉयलर सकाळपासून बंद. तरी खुर्चीकडून गरम वाफेचा वास यायला लागला.

आणि मला एक्क्यांची जोडी आली! सगळी बटणं सारली. टकल्याने टाकले, मावशीने टाकले.

"जिंकलो!"

"थांब," मावशी म्हणाली, "दादा आहेत ना अजून."

मध्ये सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते पडले. राजा, सत्ती, नव्वी, चौकी... दुर्री.

दादांचे पत्ते उचलायला कुणी हात पुढे करेना. शेवटी मीच उलटले. चांगले गरम होते, इस्त्रीखालून काढल्यासारखे! सत्ती. दुर्री. माझी एक जोडी, दादांच्या दोन!

भोंगा वाजला. मावशीने सुट्टीच्या तक्त्यावर दादांचं नाव लिहिलं. पुसायची कुणाची छाती?

घरी फोन लावला.

"मिळाली सुट्टी?"

"दादांना मिळाली."

"बॉयलरवाल्या दादांना? अहो, ते वारले ना! मेलेल्या माणसाला सुट्टी मिळते, आणि तुम्हाला मिळत नाही?"

म्हटलं, "अगं, ते पत्ते बघून खेळतच नाहीत!"