रावेरच्या केळीचे म्हणून

"हे काय वाळत घातलंय गं?"

घरमालकीण चंदनबाई गच्चीच्या दारात उभ्या होत्या. पत्र्याच्या सावलीत वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर पांढऱ्या-पिवळट चकत्या पसरलेल्या, आणि मधोमध रोहिणी उकिडवी बसलेली. पळायलाही जागा नाही.

"केळी, काकू. केळीच्या चकत्या. रावेरहून आणल्यात," रोहिणी म्हणाली.

"वेफर करणार?"

"हो... बघू."

"चांगल्या पातळ कापल्यास हां," म्हणून काकू खाली गेल्या, आणि रोहिणीने सुटकेचा श्वास सोडला. हेच चुकलं. दुसरं काहीही सांगायचं होतं, केळी म्हणायला नको होतं. जळगावात केळीच्या चकत्यांचं पुढे काय होतं, ते शाळेतलं पोरसुद्धा सांगेल.

कारण ती केळी नव्हतीच. तो होता कडूकांद. भडगावची ही पोरगी सातपुड्यातल्या रानकंदांवर पीएच.डी. करत होती, कोणत्या कंदात कोणतं रसायन आहे ते शोधायचं. आणि एवढ्या मोठ्या जळगावात हिला खोली मिळाली कुठे? तर सुभाषचंदजींकडे! पक्कं जैन घर. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, जमिनीखाली वाढणारं काही म्हणजे काही उंबरठ्याच्या आत येत नाही. जमीकंद म्हणतात त्याला. एका कंदात अनंत जीव असतात, कापला की सगळ्यांची हत्या. खोली देताना सुभाषचंदजींनी विचारलं होतं, "बेटा, शिकतेस काय?" ती म्हणाली, "झाडं, काका." "वा, झाडं चांगली." झाडाचा कुठला भाग, ते त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

कंद वाळवायचा कॉलेजचा ओव्हन बिघडला होता, दुरुस्तीची फाईल कुठल्या तरी टेबलावर आराम करत होती. म्हणून गच्ची.

बरं, हा कांदही साधा नाही. आतून जांभळ्या ठिपक्यांचा, यावलच्या पुढे एकाच नाल्याच्या काठावर सापडलेला. शेजारच्या पाड्यावरच्या चैत्रामभाऊंनी खणून दिला आणि वर बजावलं, "ताई, हाऊ कच्चा खावाना नही. बठ्ठं पोट भायेर यी." त्यानंतर तिथे रस्ता रुंद करायला जेसीबी आला. रोहिणी पुन्हा गेली तेव्हा नाला नाही, काठ नाही, नुसती लाल माती आणि तिच्यावर रोलर. चैत्रामभाऊ मान हलवत म्हणाले, "आते काही नही ऱ्हायनं." तिच्या गाईड सरांनी आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांत माणसं पाठवली. कुठेच नाही. म्हणजे गच्चीवर होतं तेवढंच! महिनाअखेर त्याचा रासायनिक अहवाल गेला नाही तर रोहिणीचं रजिस्ट्रेशन रद्द. मुदतवाढ आधीच घेऊन झालेली.

आणि अशात रविवारी दुपारी चाळीसगावहून, न कळवता, पुनमचंदजी आले. त्यांच्या मुलाशी सुभाषचंदजींच्या आयुषीचं लग्न ठरलेलं. व्याही दारात आणि घरात चहाबरोबर द्यायला ताजं काही नाही! चंदनबाईंना गच्ची आठवली. पोरगी बिचारी एकटी, गॅसवर कधी तळणार?

रोहिणी प्रयोगशाळेतून आली ती तळणाचा वास घेतच. ती धावत गच्चीवर गेली. वर्तमानपत्रं नीट घडी करून ठेवली होती.

ती खाली आली तेव्हा सुभाषचंदजींची मनुहार अगदी रंगात आली होती. मनुहार म्हणजे पाहुण्याला आग्रह करकरून खाऊ घालायचं. पाहुण्याने 'नाही' म्हणायचं ते निव्वळ पद्धत म्हणून.

"बस, ब्याईजी, बस," पुनमचंदजी तोंडावर हात धरून व्याह्यांना म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"असं कसं? आयुषीची शपथ आहे. हा एक माझ्या हातचा."

"चव जरा... औषधी आहे."

"रावेरची केळी आहेत! मी नाही का खात?" म्हणत सुभाषचंदजींनी स्वतः दोन तोंडात टाकले. क्षणभर त्यांचा चेहरा सुकल्या लिंबासारखा झाला, पण व्याह्यांसमोर थुंकणार कुठे? गिळले. वर म्हणाले, "वा!" वा म्हटल्यावर पुनमचंदजींना आणखी एक घ्यावा लागला. बशी रिकामी झाली. चंदनबाईंचा उपवास होता, त्या तेवढ्या वाचल्या.

"काका, नका खाऊ!" रोहिणी ओरडली. "ते... ते खराब असतील."

"अगं, संपले," चंदनबाई ओशाळून म्हणाल्या. "तुझे सगळेच तळले बघ. उद्या तुला फण्याच्या फण्या आणून देते."

रोहिणीने स्वयंपाकघरात जाऊन सरांना फोन लावला.

"सर, कडूकांद तळून खाल्ला तर माणूस मरतो का?"

"प्रश्न चांगला आहे," सर म्हणाले. "तळण्यावर फारसं काम झालेलं नाही. का?"

"दोन माणसांनी खाल्लाय, सर."

"साधारण किती ग्रॅम?" मग सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "रोहिणी, आपलं सॅम्पल शिल्लक आहे ना?"

बाहेर काहीतरी धाडकन पडलं. पुनमचंदजी सोफ्यावरून घसरले होते. आधी उलटी, मग दुसरी, मग हातपाय थंड आणि डोळे वर. त्यांना धरायला वाकलेले सुभाषचंदजी तिथेच ओकले. आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. रिक्षात पुनमचंदजींचं डोकं रोहिणीच्या खांद्यावर होतं, ओठ काळेनिळे, आणि ती मनात एकच वाक्य घोकत होती, मी माणूस मारला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली. "पोट धुवावं लागेल. नळी घालते."

"दोन वेफरांसाठी नळी?" सुभाषचंदजी पोट धरून म्हणाले. "ओव्याचं पाणी द्या."

"काका, यांचा बीपी पडतोय!"

शेजारच्या खाटेवरून पुनमचंदजी क्षीण आवाजात म्हणाले, "ब्याईजी नको म्हणतात तर... मी कशी घालून घेऊ?"

दोघांत आधी कोणी हो म्हणायचं, यावर खोळंबा. बाहेर बाकावर चंदनबाई नवकार मंत्र म्हणत होत्या. पुनमचंदजींच्या बोटांना आता झटके यायला लागले होते. रोहिणी पुढे आली.

"काका, ते केळीचे नव्हते. मी खोटं बोलले. ते रानातलं आहे. विषारी आहे."

सुभाषचंदजींनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "पोरगी घाबरली. बेटा, थोडंफार विष माणसाला पचतं. बाजारात सगळंच फवारलेलं असतं."

"काका, ऐका ना!"

"तू घरी जा. चहा घे."

रोहिणीने डोळे मिटले. खोली गेली, सॅम्पल गेलं, डिग्री गेली. आता राहिलंच काय?

"काका, ते जमीकंद होतं."

बाहेरचा नवकार थांबला. सुभाषचंदजी सलाईनच्या सुईसकट उठून बसले.

"नळी," ते म्हणाले. "डॉक्टर, नळी घाला. जाडी घाला. एक तुकडा आत राहता कामा नये."

"आधी मला," शेजारून आवाज आला. एवढा वेळ मान न उचलणारा माणूस कोपरावर उठला होता. "मी पाहुणा आहे!"

तर अशा प्रकारे दोघं वाचले. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर चाळीसगावला वेगळाच निरोप पाठवावा लागला असता.

सकाळी सरांचा फोन आला. "पोटातून काढलेलं फेकलं नाही ना? मागून घे. जे असेल ते. काहीच नसण्यापेक्षा बरं."

सिस्टरने दोन बरण्या दाखवल्या. "पेशंटची परवानगी आणा, मग न्या."

रोहिणी सुभाषचंदजींच्या खाटेशी उभी राहिली. चंदनबाई तिच्याकडे बघतही नव्हत्या. तिची वळकटी रिक्षाने कॉलेजवर पोहोचलीसुद्धा होती.

"काका, त्या बरण्या मला हव्यात."

"त्या?" त्यांनी तोंड फिरवलं. "काय करणार त्यांचं?"

"त्यातलं रसायन काढीन. माझी डिग्री त्यावर आहे."

"रानातून दुसरं आण."

"दुसरं नाही, काका. तो नाला बुजवला. सगळीकडे शोधलं. त्या जातीचं आता कुठेच काही नाही. जे होतं ते गच्चीवर होतं."

सुभाषचंदजींनी फिरवलेलं तोंड परत तिच्याकडे वळवलं. एका कंदात किती जीव, हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं. अख्ख्या जातीत किती, हा हिशेब त्यांना कोणी शिकवला नव्हता.

"म्हणजे शेवटचं... आम्ही..."

"हो, काका."

त्यांनी हात पुढे केला आणि सिस्टरने दिलेल्या कागदावर सही केली. पुनमचंदजींनीही केली. रोहिणी बरण्या उचलायला वळली.

"थांब," सुभाषचंदजी म्हणाले. "तुमच्या पुस्तकात लिहावं लागतं का, कुठून मिळालं ते?"

"लागतं. ठिकाण आणि ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव."

"माझं नको," ते घाईघाईने म्हणाले. "ब्याईजींचं घाल. त्यांनी जास्त खाल्लं."

शेजारच्या खाटेवर पुनमचंदजींनी, नळीने सोललेल्या घशातून, आयुष्यात पहिल्यांदा व्याह्यांना उलट उत्तर दिलं.

"मी खाल्लं नाही, सुभाषचंदजी. मला खायला घातलं."