रखमाजीकाकांनी सरळ केलेला पंख

सकाळीच मी आईला ठणकावून सांगितलं, "आज चार वाजेपर्यंत तुझा पोरगा अर्धा डॉक्टर झालेला असेल!" ती म्हणाली, "मंग उरलेला कवा?" आमच्या घरात कौतुक असंच होतं!

पीएचडीचा विषय सांगतो, घाबरू नका. विमानाचे लांब, लवचिक पंख वाऱ्यात वाकतात, पिळतात. एका ठरावीक वेगाला तर वाराच त्या हलण्याला बळ देत जातो आणि पंख फडफडून तुटूसुद्धा शकतो. तो वेग आधीच सांगणारं गणिती मॉडेल मी चार वर्षं खपून केलं होतं. मॉडेल म्हणत होतं, माझा चार फुटी नमुना सेकंदाला बारा मीटर वाऱ्यात फडफडणार. साडेतीनला माझे मार्गदर्शक, पुण्याचे भागवत सर, ते मोबाईलवर बघणार होते. फडफडला तर प्रबंध जमा, नाही तर बसा पुन्हा गणितं करत!

भोकरदनात विमानाच्या चाचणीचा बोगदा कुठून आणणार? घरामागच्या खळ्यात धान्य उफणायचा मोटारीचा पंखा लावला. थर्माकोलचा पंख बाजेला आडवा आवळला आणि बाज हलू नये म्हणून वर रखमाजीकाकांना बसवलं. हे माझे चुलते. डुगडुगतं स्टूल, हलतं दार, काही म्हणजे काही त्यांना बघवत नाही! चारला लाईट जाणार होती. मोजपट्टी तीनदा शोधली, ती खिशातच होती. शेवटी रेंज बघायला गच्चीवर पळालो.

खाली आलो तोच सर मोबाईलवर आले. मोटार सुरू. आठ मीटर. दहा. बारा! पंख ढिम्म.

"राजानंद, फडफड कुठंय?"

"येईल सर! येईलच!"

तेरा. चौदा. फडफड माझ्या छातीत सुरू झाली, पंख मात्र पोलीसपाटलासारखा ताठ! पंधराला बाजच थरथरली. आधी एक पाय उचलला, मग दुसरा. काकांची टोपी उडाली.

"राजा, आरं ही मला घिऊन चालली!"

"काका, उतरू नका!"

"उतरून न्हाई राह्यलो, पडून राह्यलो!"

आणि पडलेच! मी धावत जाऊन मोटार बंद केली. पंख सोडवून उचलला तर हा जड! आतून टोकापर्यंत लोखंडी सळई!

"काका, हे काय?"

"तू वर गेल्ता ना, तवा खुपसली," काका धूळ झटकत म्हणाले. "लईच लचकत होतं. आपल्या जालन्याची सळई हाय, आता बिलकुल हलत न्हाई!"

"अहो, ते लचकायलाच केलं होतं!"

"लचकायला? आन् त्यात माणसं बसवणार व्हय?"

सळई उपसली, थर्माकोलचा चुरा झाला. त्याच मिनिटाला लाईट गेली. मोबाईलवर सर हसून हसून खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, "सहा महिन्यांची मुदतवाढ घ्या. नवा पंख करा." मला अक्षरशः रडू आलं.

संध्याकाळी अख्खी गल्ली अंगणात! जो तो माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होता. मधोमध काका पेढे वाटत होते.

"पीकविम्याला आठ दिवस वाढवून द्यायला सरकार किती रडवतं! आमच्या राजाला एका झटक्यात सहा महिने भेटले. आन् ते बी माझ्यामुळं!"

मी एक पेढा उचलला.