देव्हाऱ्यातला बोल्ट

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. नेमबाजीच्या रायफलचा बोल्ट मी डोळे मिटून खोलते आणि डोळे मिटून जोडते! कॉलेजात पैज लावून जोडून दाखवलाय. पैज हरलेल्या मुलाशी पुढे लग्नही केलं. गणराज अजून म्हणतो, की ती पैज त्याला फारच महागात पडली.

तर बोल्ट म्हणजे रायफलचा मागचा, दांडीचा, पुढेमागे सरकणारा तुकडा. त्याच्या पोटात सगळी बारीक मंडळी राहतात. गोळीच्या बुडाला टोचा मारणारी फायरिंग पिन, तिला मागून रेटणारी स्प्रिंग, आणि झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच ओढून बाहेर काढणारा इवलासा चिमटा. त्याला म्हणतात एक्स्ट्रॅक्टर. या चिमट्याच्या मागे आणखी एक स्प्रिंग असते. सुक्या जवळ्याच्या मिशीएवढी! ती नसली की चिमटा नुसता शोभेचा.

आता माझी अडचण. एकू पोटात होती तेव्हापासून मी रायफलला हात लावला नव्हता. एकू म्हणजे आमची एकवीरा. वय रांगण्याचं, उद्योग दिसेल ते ओढण्याचा. क्लबात लोक माझ्याबद्दल "चांगली मारायची हो" असं बोलायला लागले होते, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं! त्यात यंदा राज्यस्पर्धेच्या महिला संघात एकच जागा उरली होती, आणि ती कुणाची हे दसऱ्याच्या सकाळी ठरणार होतं. आमचे तुळशीराम सर फोनवर म्हणाले, "मृणाल, यायचं तर आत्ता ये. जागा काही तुझ्यासाठी पाळण्यात घालून ठेवणार नाही कुणी."

मी सरावाला गेले. श्वास रोखला, घोडा दाबला... टिक्! बस. गोळी जिथल्या तिथे! मुरुडची खारी हवा लागून बोल्टातलं जुनं तेल आटलं होतं, पार चिक्कीसारखं. पिन बिचारी ओहोटीच्या गाळात पाय रुतलेल्या माणसासारखी चालत होती.

"घरी ने, खोल, पूस, ताज्या तेलाचा एक थेंब लाव," सर म्हणाले. रायफल आणि गोळ्या क्लबच्या तिजोरीत राहिल्या. घरी आला फक्त बोल्ट.

खंडेनवमीची दुपार होती. एकू झोपली. मी स्टीलच्या ताटात पांढरं कापड अंथरलं, बोल्ट खोलला आणि एकेक तुकडा पुसून ओळीने मांडला. काय चमकत होते! लग्नातल्या रुखवतासारखं ताट दिसत होतं. आता फक्त तेल लावायचं आणि जोडायचं... तेवढ्यात आतून भोंगा वाजला. एकू उठली!

तिला कडेवर घेऊन मी पुन्हा ताटावर वाकले, सगळं जागेवर आहे ना बघायला. एकूने माझा कान धरून कचकन ओढला. ही तिची नमस्काराची पद्धत.

"आई गं! थांब बाई, देते दूध!"

आत जाऊन दूध पाजलं, तिला खाली सोडलं. ती रांगत बाहेर सटकली. मी लंगोटांच्या दोन घड्या घातल्या आणि मागोमाग बाहेर आले, तर ताट गायब!

देव्हाऱ्यासमोर माझ्या सासूबाई, बायजाबाई, पाठमोऱ्या बसल्या होत्या. कोळीवाड्यात सुकी मासळी विकणाऱ्या बायकांत यांचा आवाज पहिला. मंगळसूत्रात ट्रंकेची चावी आणि सेफ्टी पिनांचा जुडगा, त्यामुळे त्या हलल्या की देवळाची घंटा हलल्यासारखं वाटतं. त्यांच्यासमोर पाटावर मांडली होती आमच्या घरातली सगळी हत्यारं. होडीच्या इंजिनाचा पाना, जाळं विणायची सुई, मासळी कापायची विळी, गणराजचा लॅपटॉप. आणि मधोमध माझं ताट! फायरिंग पिनेला हळद, स्प्रिंगेला कुंकू, एक्स्ट्रॅक्टरवर झेंडूचं फूल, आणि वरून मूठभर अक्षता!

"आई! अहो, हे काय?"

सासूबाई वळल्या. डोळे भरलेले.

"अगो पोरी, मला वाटायचं तू शिकलेली, तुला कशाला आमची खंडेनवमी. आणि तू न सांगता तुझी हत्यारं घासून पुसून ताटात मांडलीस! खाली पांढरं कापड अंथरून!"

आता या बाईला कोणत्या तोंडाने सांगू, की ते कापड एकूचा लंगोट आहे?

"धुतलेलं आहे," एवढंच माझ्या तोंडून गेलं.

"मग! आता उद्या सकाळी उत्तरपूजा होईस्तोवर हात न्हाय लावायचा. तुझ्या सासऱ्यांनी होडी न्हाय काढली आज. तुझी पिन काय होडीपेक्षा मोठी हाय?"

मी हात जोडले आणि लांबूनच तुकडे मोजले. पिन आहे. मोठी स्प्रिंग आहे. चिमटा आहे. एक बारीकसं टिकलीएवढं काहीतरी आहे. पण जवळ्याची मिशी? ती कुठाय?

"आई, यात एक बारीक स्प्रिंग होती."

"तुझी सगळी हत्यारं हायत बघ. एकालापण कुंकवाशिवाय न्हाय सोडलं."

मी खाली बघितलं. पाटाशी एकू बसलेली. एक हात ताटात. तोंड हलतंय!

मी झडप घातली. तोंडात बोट घातलं. निघाली झेंडूची पाकळी. नुसती पाकळी! पण पाकळीच्या आधी काय आत गेलं, ते कोण सांगणार? एकूने माझ्याकडे बघून एक ढेकर दिला.

"गणराज!! एकूने काहीतरी गिळलंय!"

गणराज टॉवेलवरच धावत आला. "काय गिळलं? केवढं?"

"जवळ्याच्या मिशीएवढं."

"मग निघेल की बाहेर."

"आणि अडकलं तर? टोक आहे त्याला!"

गणराज खाली बसला. तो असा बसला की समजायचं, आता मलाच उभं राहायला हवं.

शेजारच्या वेणूबाईंनी कुंपणावरून सगळं ऐकलं आणि मदत म्हणून गावाला कळवलं. आम्ही रिक्षापर्यंत पोचलो तोवर बातमी पोचली होती, की बायजाबाईच्या नातीने बंदुकीची गोळी गिळली. नाक्यावर दोन गोळ्या झाल्या. एस.टी. स्टँडपाशी एक म्हातारा आडवा आला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "बाबा रे, खड्डे सांभाळून ने. धक्क्याने उडाली तर!"

एकू मजेत होती. सगळ्या गावाला टाटा करत होती. मी तिला छातीशी घट्ट धरलं होतं. तिच्या जावळाला दुधाचा आणि झेंडूचा वास येत होता. मनात एकदा, एकदाच हं, सामन्याचा विचार आला. इतकी लाज वाटली की रिक्षातूनच सरांना फोन लावला.

"सर, मी उद्या येत नाही. माझं नाव काढा."

"अगं पण झालं काय?"

मी फोन ठेवला. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते बघा!

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि एक्स-रे काढायला सांगितला. तिथला एक्स-रे काढणारा कमलेश म्हणाला, "बाळाला हलू न देता धरायला एकजण थांबा. अंगावरचा सगळा धातू काढा."

एकू निमूट पडते ती फक्त आजीजवळ. म्हणून सासूबाई थांबल्या. दाराबाहेरून मला सगळं ऐकू येत होतं.

"आजी, मंगळसूत्र काढा."

"काय? नवरात्रात? नवरा जिता असताना?"

"अहो, फोटोत येईल!"

"येऊ दे. माझा नवरा काय लपवायचा हाय?"

"बरं, निदान आत तरी टाका!"

सासूबाईंनी ते, किरणं अडवायला अंगावर चढवलेल्या जड एप्रनच्या आत टाकलं. मग एकूवर ओणवून गाणं म्हणायला लागल्या. एकू हसली. मशीन घरघरलं.

डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावला. बघितला. चष्मा पुसला. पुन्हा बघितला.

"तुमची मुलगी काय काय खाते?"

"नाचणीची पेज," मी म्हणाले.

"आणि जरासा उकडलेला मासा," सासूबाई.

"ही बघा तुमची स्प्रिंग. पोटात, अगदी स्पष्ट."

मी एकूच्या पोटावर हात ठेवला.

"पण स्प्रिंग एकटी नाही. शेजारी तीन सेफ्टी पिना आहेत. एक चावी आहे. हे एक लहानसं फूल आहे. आणि या दोन वाट्या."

"वाट्या?" गणराज किंचाळला. "वाट्या गिळल्या?"

मग मी, गणराज, कमलेश आणि डॉक्टर, चौघांनी एकदमच माना वळवल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. गाणं म्हणताना ओणवल्यावर मंगळसूत्र एप्रनमधून घसरून बाहेर आलं होतं आणि अजून बाहेरच लोंबत होतं. त्यात चावी. त्यात पिना. आणि एका पिनेत अडकवलेली, दिव्याखाली चमचमणारी... जवळ्याची मिशी!

"आई!! ही स्प्रिंग!"

"ही कुठली स्प्रिंग? ही तुझ्या कुडीची फिरकी हाय. कुडी पडली होती ताटात, ही शेजारी. हत्यारांत दागिना कशाला, हरवेल, म्हणून दोन्ही अडकवून ठेवली."

मी कानाला हात लावला. डावा कान रिकामा! एकूचा नमस्कार!

मला हसू आलं, आणि ते मध्येच रडण्यात गेलं. एकूने लगेच माझा उजवा कान धरला. डॉक्टरांनी पुन्हा, यावेळी आजींना बाहेर बसवून, फोटो काढला. पोटात पेजेशिवाय काही नव्हतं.

स्प्रिंग मी रुमालाच्या गाठीत बांधली. "कुडी राहू दे माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "फिरकी मिळाल्याशिवाय घालणार कशी?" मग बाहेर येऊन गणराजला दरडावलं, "लाव त्या मास्तरला फोन! सांग, माझी सून येणार हाय!"

दसऱ्याला उजाडता उजाडता उत्तरपूजा झाली. हळदकुंकू पुसत पुसत, ताटातले सगळे तुकडे लंगोटात बांधून, आम्ही सहकुटुंब क्लबात हजर! सरांनी पिवळसर फायरिंग पिन उजेडात धरली.

"हे काय लावलंयस?"

"पूजा झालीय सर."

"हं. जोड लवकर. डोळे मिटून जोडायचीस ना तू?"

बाकीच्या मुली बघत होत्या. फुशारकी मारायची हीच वेळ! तेलाचा थेंब लावला आणि मी डोळे मिटले. स्प्रिंग, चिमटा, पिन, पुन्हा स्प्रिंग. खटक! डोळे उघडले. टाळ्या पडल्या.

आणि लंगोटावर एक तुकडा उरलेला. टिकलीएवढा, चमकदार.

टाळ्या थांबल्या. पुन्हा खोलला. डोळे उघडे ठेवून जोडला. तुकडा पुन्हा उरला! सरांनी चष्मा लावला. तुकडा तळहातावर फिरवला. त्याचा फोटो काढून पुण्याला मित्राला पाठवला. मित्राने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं.

"असला भाग मी उभ्या जन्मात बघितला नाही," सर हळूच म्हणाले. "आणि अर्धवट जोडलेल्या बोल्टाने मी तुला मारू देणार नाही. नाव पुकारतायत, मृणाल. काय करायचं?"

इतकं करून, इथपर्यंत येऊन! "काढा सर नाव," मी म्हणणार, तेवढ्यात मागच्या दोरीपलीकडून, मासळीबाजारात शेवटच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात आरोळी आली:

"अगो, ती फिरकी हाय! तुझ्या कुडीची फिरकी! कालपासून शोधते मी!"

दोरीखालून वाकून सासूबाई आत आल्या. एकूला सरांच्या हातात दिलं, पिनेतून कुडी सोडवली, माझ्या कानात घातली आणि तो अनोळखी भाग मागून घट्ट पिळून बसवला. अगदी नेमका बसला.

"आता मार," त्या म्हणाल्या.

मी मारली. ठो! पिन पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत एकदाही अडखळली नाही. जागा मला मिळाली!

कोळीवाड्यात मात्र हकिगत जरा वेगळी फिरते आहे. सूनबाईची बंदूक बिघडली, मास्तरला जमेना, पुण्याच्या माणसाला जमेना, शेवटी बायजाबाईने एक तुकडा हातात घेतला, पिळला आणि बंदूक चालू! सासूबाई सुकट मापता मापता हे गिऱ्हाइकांना सांगतात, आणि मी एकूला घेऊन शेजारीच बसलेली असते.

मी डोळे मिटून ऐकून घेते.