बारा धडे आणि एक साक्षीदार

वाळवी नेहमी खालच्या कप्प्यापासून सुरुवात करते.

बाहीचा घेर दंडापेक्षा दोन बोटं सैल ठेवावा.

दातांचे डॉक्टर एक ते चार या वेळात कुणाचंच तोंड उघडत नाहीत, स्वतःचंही.

चार वर्षांच्या नातीच्या हातात टॅब दिला की ती पंख्याचं चित्रण करते.

एका कागदाला एकच जागा.

यातलं शेवटचं वाक्य दप्तरींचं. एकतीस वर्षं ते एका कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये होते, म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळी इमारत त्यांना दप्तरीच म्हणते. त्यांच्या कारकिर्दीत एकही फाइल हरवली नाही, आणि हे ते कुठल्याही नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

त्या दिवशी चपला पायात सरकवत बायकोने काम सांगितलं. "अहो, शिवणाचे एकोणीस व्हिडिओ कॉम्प्युटरवरनं टॅबवर टाकून ठेवा. चारला क्लास आहे. मी हॉलवर टेबलं लावून येते."

"एवढंच ना? झालं समज."

"समजत नाही मी. झाल्यावर सांगा."

क्लास तिचा पहिलाच. सहा महिने खपून तिने धडे तयार केले होते आणि नऊ जणींनी नावं दिली होती. कॉम्प्युटर काही हॉलवर उचलून नेता येत नव्हता.

जेवण उरकून दप्तरींनी केबल जोडली. पडद्यावर दोन पर्याय होते, कॉपी आणि कट. कॉपी वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. एकच फाइल दोन ठिकाणी असली की दोन साहेब दोन वेगळे निर्णय लिहितात आणि घाम मात्र खालच्यांना फुटतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कट केलं. फाइल इथून उठली की थेट तिथे बसली पाहिजे.

बारा व्हिडिओ गुमान गेले. तेराव्याला टॅब अडून बसला. जागा शिल्लक नाही म्हणाला.

दप्तरी उलट खुललेच. रेकॉर्डरूममध्ये हे रोजचं होतं आणि त्यावर उपायही ठरलेला होता, निंदणी. शेतातलं तण काढतात तसे जुने कागद काढायचे. नियम दोनच. सर्वांत जुनी तारीख आधी. आणि फाइल उघडून वाचायची नाही, कारण वाचायला बसलं की माणूस विरघळतो आणि कागद राहतो. त्यांनी टॅबवरची चित्रं बंद करून नुसती यादी लावली. आकडे आणि तारखा. गेल्या महिन्यातल्या चौसष्ट नोंदी निघाल्या. त्याहून जुन्या, पार जानेवारीपासूनच्या, बारा.

"बारा," दप्तरी स्वतःशी म्हणाले. आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

टॅबने विचारलं, कायमचं काढायचं? आता कायमचं म्हटलं की साक्षीदार आला. दप्तरींनी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची बेल वाजवली.

"डॉक्टर, दोन मिनिटं या."

"दाढ?"

"साक्षीदार हवाय."

डॉक्टर बनियनवर, डोळे चोळत आले. "कसले व्हिडिओ आहेत? बघू तरी."

"ते बघायचे नसतात. मी काढतोय ते बघायचं."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर प्रक्रिया अपूर्ण."

डॉक्टरांनी बघितलं. बारा नोंदी गेल्या, राहिलेले सात धडे भराभर आत शिरले, आणि दप्तरींनी ऐटीत टॅबवर पुन्हा चित्रं लावली. धडा तेरा, चौदा, असे एकोणीसपर्यंत. त्यांच्यावर पंखा. पंखा. नातीचं नाक. पंखा.

"एक ते बारा कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं.

दप्तरींनी कॉम्प्युटर बघितला. तिथून उठले होते. टॅब बघितला. तिथे बसलेले नव्हते. मग त्यांना आठवलं, शिवणाचा पहिला धडा जानेवारीतला. व्हिडिओ घर बदलतो, जन्मतारीख बदलत नाही. ते हळूच खुर्चीत टेकले.

"डॉक्टर, उपटलेला दात परत बसतो का हो?"

"लगेच आणला तर बसतो कधीकधी. पण आणावा लागतो! तुम्ही तो गटारात टाकलाय, आणि तेही मला उभं करून."

पुढचा तासभर दोघांनी टॅब बंद करून चालू केला, कॉम्प्युटरची कचरापेटी धुंडाळली, केबल काढून फुंकर मारून परत लावली. तीन वाजता डॉक्टरांना अचानक एक पेशंट आठवला.

सव्वातीनला बायको आली तेव्हा दप्तरी, साहेबांपुढे उभं राहावं तसे, हात मागे बांधून उभे होते.

"झालं का?"

"अगं, बस आधी."

"बसायला वेळ नाहीये. झालं का?"

"सात झाले. पहिले बारा माझ्या हातून गेले. कायमचे."

बायको बसली.

"पहिले बारा?"

"हो."

"बाराच्या बारा?"

"हो गं."

"कॉम्प्युटरवर असतील की."

"नाहीत. कट केले होते."

"म्हणजे परत येणारच नाहीत? कुणी आणतो म्हटलं तरी? नक्की?"

"डॉक्टर साक्षीदार आहेत."

तिने रुमाल तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. "एकतीस वर्षांत एक फाइल हरवली नाही माझ्याकडून," ते पडेल आवाजात म्हणाले, "आणि हरवली ती तुझी. सांग नऊ जणींना, क्लास पुढे ढकलला म्हणून. मीच येऊन सांगतो, हवं तर."

"काही नको." तिने डोळे पुसले. "पहिले बारा मी कापड समोर ठेवून हातानेच शिकवते. तेरापासून टॅब. तुम्ही मुळीच मनाला लावून घेऊ नका. चहा करून घ्या, साखर जरा जास्त घाला आज."

तिने टॅब पिशवीत टाकला, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि निघाली. जिना उतरताना ती गुणगुणत होती. जबर धक्का बसलेली माणसं असं करतात, हे दप्तरींनी कुठेतरी वाचलं होतं. ते तसेच दाराशी उभे राहिले, गुणगुणणं ऐकू येईनासं होईपर्यंत.

क्लास साडेसहाला सुटला आणि जाताना बायकांनी आणखी चौघींची नावं दिली.

पहिल्या बारा धड्यांचं चित्रण दप्तरींनी स्वतः, हातात मोबाइल धरून केलं होतं, आणि बाराही धड्यांत मिळून बायकोचे हात एकूण चाळीस सेकंद दिसत होते.