पेला हातात असेपर्यंत

फोन आला तेव्हा भाऊ स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पाव खात होते. बायको गेल्यापासून बसून खाणं त्यांनी सोडलंच होतं. बसलं की समोरची रिकामी खुर्ची दिसायची.

"लेखक शिबिरातून बोलतेय," पलीकडून एका बाईंचा घाईचा आवाज आला. "सोमवारपासून आठवडाभराचं शिबिर आहे. तुमच्या घरून अर्ज आलाय, वर नुसतं आडनाव आहे. येणार ना? की जागा दुसऱ्या कुणाला देऊ?"

अर्ज बायकोचा होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिला गोष्टी लिहायच्या होत्या. उन्हाळ्यातल्या या शिबिरासाठी तिने हिवाळ्याच्या आधीच बॅग भरून दाराआड ठेवली होती, आणि मग हिवाळ्यातच ती गेली. आता "ती गेली" एवढं सांगून फोन ठेवला की काम झालं असतं. पण भाऊंनी ते दोन शब्द आजवर एकदाही उच्चारले नव्हते. नातेवाइकांना मुलीने कळवलं, शेजाऱ्यांना आपोआप कळलं, आणि भाऊंवर कधी वेळच आली नाही. आज वेळ आली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"येतो," भाऊ म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. ते लिफ्टचे मेकॅनिक. उभ्या आयुष्यात त्यांनी मन लावून लिहिलेलं वाक्य एकच, ‘लिफ्ट बंद आहे, जिना वापरा’, आणि तेही खडूने. मग त्यांनी ठरवलं की तिथे जाऊन तोंडावर सांगून टाकायचं आणि पुढच्या गाडीने परत यायचं. निघताना दाराआडची बॅग त्यांनी तशीच उचलली. ती इतके महिने त्यांना उघडवतही नव्हती आणि बघवतही नव्हती.

शिबिर भरलं होतं गावापासून लांब, शेतांच्या मधोमध, एका बंद पडलेल्या गुरांच्या दवाखान्यात. भिंतीवर गायीच्या पोटाचा तक्ता अजून लटकत होता. वर पत्रा तापला होता आणि खाली सगळे लेखक घामाघूम होऊन काहीतरी सुचायची वाट बघत होते. शिबिराची गाडी सगळ्यांना उतरवून धूळ उडवत निघून गेली. ती आता शेवटच्या दिवशीच येणार होती, हे भाऊंना ती वळणाआड गेल्यावर कळलं.

फोनवरच्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. शिबिर त्याच चालवायच्या.

"बाई, मी लेखक नाही," भाऊंनी एका दमात सांगितलं.

"पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात. चपला तिकडे काढा."

"तसं नव्हे हो. माझी बायको..."

"बायकोला तुमचं लिहिणं आवडत नाही, हेही सगळे म्हणतात. चला, पुढे व्हा, मागची माणसं उन्हात उभी आहेत."

भाऊ पुढे झाले. त्यांना खोली मिळाली ती एका कवीच्या आणि एका कादंबरीकाराच्या सोबतीला. कवी काडीसारखा बारीक होता. कादंबरीकार गेली कित्येक वर्षं एकच कादंबरी लिहीत होता आणि तिच्या पहिल्या प्रकरणातून काही केल्या बाहेर पडत नव्हता. भाऊंनी खाटेवर बॅग उघडली. आत बायकोचे कपडे, रुंद काठाची टोपी, फुलाफुलांचा स्कार्फ आणि नवी कोरी वही. भाऊंनी बॅग पुन्हा बंद केली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसून राहिले.

पण आठवडा काढायचा म्हणजे अंगात काहीतरी घालायला हवंच. कवीने आपला सदरा दिला. त्याची बटणं भाऊंच्या पोटावर लागेनात, म्हणून वरून स्कार्फ घ्यावा लागला. उन्हात टोपीही घालावी लागली. त्या अवतारात ते नाश्त्याला आले तेव्हा सगळी पंगत त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय बेफिकिरी आहे बघ," कादंबरीकार कवीच्या कानात म्हणाला. "आपल्याला जमेल का हे?"

"तुम्ही काय लिहिता भाऊ?" कवीने अदबीने विचारलं.

"काही नाही. मी लेखकच नाही हो."

"वा!" कवीने हातातला चमचा खाली ठेवला. "आम्हाला हे कळायला अर्धं आयुष्य गेलं."

त्यानंतर भाऊ जेवढे नाही नाही म्हणायचे तेवढा त्यांचा मान वाढायचा. सगळे लिहीत बसले की ते खिडकीतून शेताकडे बघत बसायचे. लोक त्यांच्या बाजूने चवड्यांवर चालत जायचे. खरं तर भाऊ तेव्हा ‘ती गेली’ची तालीम करत असायचे. जेवताना सांगावं तर लोकांचा घास अडकेल, आणि चहाच्या वेळी सगळे हसतखिदळत असतात. चांगली वेळ काही सापडेना आणि त्यांचा जीव आतल्या आत कुढत राहिला. तिला इथे यायचं होतं आणि ती आली नाही, एवढं तरी या माणसांना कळायला हवं होतं.

रोज संध्याकाळी वाचन व्हायचं. त्याची रीत ठरलेली होती. ज्याची पाळी असेल त्याने आपली गोष्ट सांगायची. ती संपली की बाई त्याच्या हातात पाण्याने भरलेला पेला द्यायच्या. पेला हातात असेपर्यंत त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, इतर काय बोलतात ते ऐकायचं. आणि आणखी एक. ‘पण हे खरंच घडलंय’ असं जो कुणी म्हणेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची.

"माझ्या मामांच्या बाबतीत खरंच झालं होतं हो असं!" कादंबरीकार एका संध्याकाळी कळवळून ओरडला होता.

"भांडी!" सगळे एका सुरात म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ती घासलीही होती.

शेवटच्या संध्याकाळी भाऊंची पाळी आली. बाईंनी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. भाऊ रिकाम्या हातांनी उभे राहिले तेव्हाच कौतुकाची कुजबुज झाली. भाऊंनी समोर पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, कुणी खात नव्हतं, कुणी हसत नव्हतं. एवढी चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती.

"माझी बायको गेली," भाऊ म्हणाले.

एकदा ते शब्द निघाल्यावर पुढचं सगळं धडाधड बाहेर आलं. तिचं आजारपण, दाराआडची बॅग, तो फोन, समोरची खुर्ची. ती रोज सकाळी त्यांच्या डब्यावर झाकण लावताना ‘नीट या हो’ म्हणायची आणि त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही, तेही त्यांनी सांगून टाकलं. बोलणं संपलं. आता कुणीतरी जवळ येईल, पाठीवर हात ठेवील, असं त्यांना वाटलं.

बाई जवळ आल्या आणि त्यांनी भाऊंच्या हातात पेला दिला.

"सुरुवात थेट आहे," कवी म्हणाला. "पण बायकोला पहिल्याच वाक्यात मारायची घाई झाली."

"बॅगेचं पटत नाही," कादंबरीकार म्हणाला. "इतके महिने आधी बॅग कोण भरून ठेवतं? उगाच डोळ्यांत पाणी आणायला घातल्यासारखी वाटते."

भाऊंनी तोंड उघडलं. बाईंनी पेल्याकडे बोट दाखवलं. भाऊ एक घोट पाणी प्यायले.

"बायको मात्र अगदी जिवंत उतरलीय," बाई म्हणाल्या. "दोन वाक्यांत पूर्ण दिसते. मला फार आवडली."

"हो, बायको फारच गोड," कवी म्हणाला. "नवराच मेलेला आहे. इतक्या वर्षांत एकदाही मान वर करत नाही? असा माणूस असतो का?"

भाऊंनी उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"मी असतो तर तिला जिवंत ठेवलं असतं," कादंबरीकार म्हणाला. "नवरा घरी परततो आणि तीच दार उघडते. सोपं आहे."

बाईंनी रिकामा पेला काढून घेतला. "बोला भाऊ. तिला जिवंत का नाही ठेवलंत?"

"ठेवली असती हो," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "माझ्या हातात नव्हतं ते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "पात्र लेखकाच्या हातात राहत नाही ते हे असं!" म्हणत कवीने त्यांना मिठीच मारली.

"अहो, पण ती खरंच..." भाऊ त्याच्या खांद्याआडून म्हणाले.

"भांडी!" सगळे आनंदाने ओरडले.

दुसऱ्या दिवशी गाडी येईपर्यंत भाऊ भांडी घासत होते. ताटांवर ताटं रचताना अधूनमधून त्यांचे डोळे वाहत होते, पण हात ओले असल्यामुळे पुसता येत नव्हते. निघताना बाईंनी पुढच्या वर्षी नक्की या म्हणून सांगितलं आणि नवऱ्यावर थोडं काम करा असंही सुचवलं.

घरी पोचल्यावर भाऊंनी स्वतःच कुलूप उघडलं. बॅग नेहमीच्या जागी दाराआड ठेवली, पाव ताटलीत घेतला आणि कितीतरी महिन्यांनी ते टेबलाशी बसले. समोरची खुर्ची दिसलीच. भाऊंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

"सगळ्यांना तू फार आवडलीस," ते म्हणाले. "नवरा तेवढा कुणाला पटला नाही."